देवाकडे बदली मागत नाहीत

दसरा झाला, आपट्याची पानं गॅलरीच्या कोपऱ्यात सुकून कुरकुरायला लागली आणि नवरात्रीच्या मंडपाचे शेवटचे बांबू ट्रकमध्ये चढले, की लालबागमध्ये तो ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याला शरद म्हणतात. शरदाचं चांदणं, शरदातलं निरभ्र आकाश, असं काय काय आम्ही शाळेत निबंधात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे शरदात घामोळं येतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत ऊन येऊन बसतं. लोक त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि दर वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच असं होतंय अशा सुरात, एकमेकांकडे तक्रार करतात.

या वर्षीही तसंच चाललं आहे. चिवड्याच्या दुकानांत मोठ्या कढया चढल्या आहेत आणि तळलेल्या पोह्यांचा, कढीपत्त्याचा वास गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो आहे. मंडपासाठी रस्त्यात पाडलेले खड्डे पालिकेची माणसं सावकाश बुजवत आहेत. आणि माझ्याकडे मेल यायला लागल्या आहेत. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ अशी त्यांची सुरुवात असते. पीएचडी संपत आलेल्या किंवा नुकतीच संपलेल्या मुली, थोडे मुलगे. तुमच्या लॅबमध्ये पोस्टडॉकची जागा निघणार आहे का, असं विचारतात. त्यांना वाटतं जागा माझ्या हातात आहे. माझी स्वतःची जागा माझ्या हातात नाही, हे त्यांना कसं कळणार? मी प्रत्येकीला उत्तर देते. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहिते, आणि पहिल्याच ओळीत लिहिते. ही सवय मला माझ्या स्वतःच्या एका ऑक्टोबरने लावली.

तेव्हा माझी पीएचडी नुकती झाली होती. शिवडीच्या खाडीतल्या चिखलात तिसऱ्या मिळतात, म्हणजे त्या लहान शिंपल्या. त्या पाण्यातून कोणते धातू अंगात साठवतात आणि ते धातू माणसाच्या यकृताच्या पेशींपर्यंत पोचले तर पेशींचं काय होतं, हा माझा विषय. अर्धं काम चिखलात आणि अर्धं काचेत. सकाळी ओहोटीला गुडघाभर काळ्या गाळात उभं राहायचं आणि दुपारी पांढरा कोट घालून, हात तीनतीनदा धुऊन, पेशींना खाऊ घालायचं. घरी यायचे तेव्हा आई दारातच पाय धुवायला लावायची. पर्यावरण आणि वैद्यक या दोन शास्त्रांच्या मधोमध माझं संशोधन बसतं, असं माझे गाईड अभिमानाने सांगायचे. मधोमध बसण्यातला तोटा त्यांनी सांगितला नव्हता. पर्यावरणवाल्यांना मी डॉक्टरकीची वाटायचे आणि डॉक्टरकीवाल्यांना चिखलातली.

थीसिसची जाड प्रत मी घरी आणली त्या दिवशी आईने ती आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग पदराला हात पुसून दोन पानं उलटली आणि विचारलं, “मग खायच्या की नाही?”

“काय?”

“तिसऱ्या गो. खायच्या की नाही खायच्या?”

मी तिला सांगायला लागले. कुठल्या महिन्यातल्या, खाडीच्या कुठल्या बाजूच्या, खाणाऱ्याचं वजन किती, आठवड्यातून किती वेळा. आईने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे एवढी वर्षं शिकून तुला पण माहीत नाही,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने नोंद केली, एवढंच. त्यानंतर जेव्हा जेव्हा ती तिसऱ्यांचं सुकं करायची, तेव्हा ताटात वाढताना न विसरता सांगायची, “ह्या शिवडीच्या नाहीत.” आजही सांगते. कुठल्या आहेत ते तिला माहीत नसतं आणि कोळणीला विचारण्यात अर्थ नसतो, कारण कोळीण समोरच्या माणसाचा चेहरा बघून गाव ठरवते.

फेलोशिप संपली होती. पीएचडी झालेल्या माणसापुढे खरं तर दोनच वाटा असतात. एक म्हणजे पोस्टडॉक शोधायची, कोणाच्या तरी लॅबमध्ये आणखी काही वर्षं संशोधन करायचं आणि कधीतरी स्वतःची लॅब मिळेल अशी आशा ठेवायची. दुसरी म्हणजे लॅबमधून बाहेर पडायचं. दुसरी वाट माझ्यापुढे अगदी सारवून, रांगोळी काढून तयार होती. दादरच्या एका क्लासवाल्यांना मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी जीवशास्त्र शिकवायला माणूस हवा होता. कायमची नोकरी, एसी वर्ग, घरापासून जवळ. दिवाळीपर्यंत उत्तर द्या, असं ते म्हणाले होते. शिकवण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण आमच्या धंद्यात एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. मधलं एक रिकामं वर्ष दिसलं तरी समोरचा माणूस तोंड कडू करतो. तेव्हा प्रश्न सरळ होता. दिवाळीच्या आत एखादी लॅब मला घेईल, नाहीतर मी आयुष्यभर पेशीची आकृती फळ्यावर काढीन.

म्हणून मी अर्ज करत सुटले. बर्फ पडणाऱ्या देशांत केले, आपल्याकडे बंगळूर-हैदराबादला केले, गणपतीच्या आधी परळच्या एका संस्थेत जाऊन इंटरव्ह्यूही देऊन आले. तिथे तिघांनी मान डोलावली, “कळवतो” म्हणाले, आणि मग काहीच झालं नाही. बाकीच्या अर्जांना यायचं ते उत्तर बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असायचं. आधी माझ्या अर्जाबद्दल आभार, मग माझ्या कामाचं कौतुक, आणि तिसऱ्या ओळीत ‘अनफॉर्च्युनेटली’. नंतर नंतर मी मेल वाचतच नसे. उघडायची, तो शब्द डोळ्यांनी शोधायचा, सापडला की बंद करायची.

घरात हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की आईने तो उचलला. तिला तो कोणी माणूस असावा तसा वाटायचा. मी लॅपटॉप मिटला की ती स्वयंपाकघरातून विचारायची, “आला का तुझा अनफॉर्च्युनेटली?” आला म्हटलं की म्हणायची, “येऊ दे, चहा ठेवलाय.” हे ऐकून मला हसू यायचं आणि हसण्याचा रागही यायचा. पण त्याने एक झालं, त्या शब्दाचा दरारा गेला. दर दोन दिवसांनी येणाऱ्या पाहुण्याला कोण घाबरतं?

तात्यांचा गोंधळ याच दिवसांतला. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहतात. आयुष्यभर गोदीत नोकरी केली, कायम म्हणून लागले आणि कायम म्हणून निवृत्त झाले. गावाहून मुंबईत येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची मालवणी तसूभर हललेली नाही. त्यांच्या कानावर कुठून तरी गेलं की मी पोस्टडॉक शोधते आहे. एका दुपारी ते घामाघूम होऊन आमच्या दारात उभे. हातात छत्री, उन्हासाठी.

“काय गे बाय,” ते म्हणाले, “डॉकात पोस्ट व्हयी होती तर माका आधी सांगूक नको? माझा सगळा आयुष्य थंय गेला.”

मी काही बोलायच्या आत आईने त्यांना पाणी दिलं. ते पिऊन तात्यांनी पुढचं सांगितलं. “आत्ताच रे रोडाक गोदीच्या हापिसात जावन इलंय. थंय सध्या भरती बंद आसा. पण एका वळखीच्यान सांगल्यान, बायोडाटा ठेवन जावा म्हणान.”

भर उन्हात हा माणूस माझ्या नोकरीसाठी गोदीच्या कचेरीत जाऊन शब्द टाकून आला होता. मी त्यांना समजावलं की डॉक म्हणजे डॉक्टरेट, आणि पोस्ट म्हणजे नंतरची. तात्यांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. “म्हणजे शिक्षण संपला?” हो. “मगे नोकरी लागली?” नाही, अगदी तसं नाही. “मगे ता मधे काय आसा?” आईच्या ‘खायच्या की नाही’सारखाच तो प्रश्न होता. माझ्या घरातले लोक प्रश्न फार नेमके विचारतात आणि माझं शिक्षण नेमकं तिथेच कमी पडतं.

तिसरीबद्दल एक गोष्ट इथे सांगते. उपमा म्हणून देत नाही, नुसती माहिती म्हणून देते. तिसरीचं पिल्लू जन्मल्याबरोबर चिखलात बसत नाही. ते आधी पाण्यात तरंगतं, इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. मग त्याला एक पाय फुटतो, तो खाली टेकवून ते तळ चाचपून बघतं. जागा पटली नाही तर परत वर येतं, थोडं वाहत जातं, पुन्हा पाय टेकवतं. जागा चांगली मिळेपर्यंत त्याला मोठं होणं लांबणीवर टाकता येतं. पण कायमचं टाकता येत नाही. एका मर्यादेनंतर ते मिळेल तिथे बसतं, नाहीतर मरतं. हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. परीक्षेत लिहून त्यावर मार्कही मिळवले होते. त्या ऑक्टोबरात ते अधूनमधून उगाच आठवायचं, एवढंच.

दुपारी घरात बसवत नसे तेव्हा मी शिवडीला जायचे. काम संपलं होतं, पण पाय सवयीने तिकडे वळायचे. फ्लेमिंगो यायला अजून वेळ होता, त्यामुळे फोटो काढणारी माणसं नव्हती. ओहोटीला उघडा पडलेला चिखल उन्हात चकाकत पसरलेला असायचा. पलीकडे तेलाच्या टाक्या, अलीकडे मोडीत काढायच्या बोटी, आणि मधे चिखलात वाकलेल्या बायका, तिसऱ्या वेचणाऱ्या. त्यातल्या एक-दोघी मला ओळखायच्या. “काय मॅडम, आज पिशवी नाय आणली?” असं विचारायच्या. नाही म्हटलं की पुन्हा वाकायच्या. मी त्या जागेत इतकी वर्षं काढली होती, पण आता तिथे माझं काहीच काम उरलं नव्हतं. बरं वाटलं नाही. त्यापलीकडे जाऊन काही वाटून घ्यावं असंही वाटलं नाही.

मग एक दिवस बर्फाच्या देशातून मेल आली आणि तिच्यात तो शब्द नव्हता. इंटरव्ह्यूला बोलावलं होतं, लॅपटॉपवरच. विषय माझ्याच कामाचा पुढचा भाग होता. लॅब इतकी नावाजलेली की मी गाईडना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी तिचं नाव मला दोनदा उच्चारायला लावलं. पहिल्यांदाच मला ती जागा हवीशी वाटली. त्याआधीचे अर्ज मी जगण्यासाठी केले होते, हा मनापासून केला होता.

आईने इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी नारळ आणला. आमच्याकडे महत्त्वाचं काही असलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला जाणता माणूस देवाला मोठ्याने, एकेक करून, काय हवं ते सांगतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. एक प्रकारचा अर्जच तो, फक्त सगळ्यांच्या साक्षीने केलेला. गाऱ्हाणं घालायला अर्थातच तात्या. धुतलेलं धोतर नेसून आले. शेजारच्या दोन काकू आल्या. बाबा दाराशी, गॅलरीतल्या उजेडात हात जोडून उभे राहिले. मी मधे, कारण विषय माझा.

“बा देवा म्हाराजा!” तात्यांनी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या लेकराच्या नावान तुझ्यापुढे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“काय चूकभूल झाली असात तर ती पोटात घाल, आणि ह्या चेडवाक पोस्टडॉकात कायम कर म्हाराजा!”

“व्हय म्हा—”

“नको!” मी ओरडले.

गाऱ्हाण्यात मधे कोणी ‘नको’ म्हणत नाही. काकूंचा ‘म्हाराजा’ अर्ध्यावर राहिला. आईने डोळे वटारले. माझा देवावर विश्वास नाही, पण असला धोका पत्करण्याइतका अविश्वासही नाही. कायमची पोस्टडॉक! असे लोक आमच्या धंद्यात असतात, मी पाहिले आहेत. केस पिकतात, मुलं कॉलेजात जातात, आणि हे अजून दुसऱ्याच्या लॅबमध्ये वर्षावर्षाच्या करारावर. शत्रूलाही कोणी असा शाप देणार नाही, आणि इथे माझ्या घरची माणसं नारळ ठेवून तो मागत होती.

तात्या नाराज झाले. “मगे काय मागू? नीट काय ता सांग. थंय गोलमाल चलना नाय.”

“तात्या, ती जागा कायमची नसतेच,” मी म्हणाले. “वर्ष-दोन वर्षांची असते. लॅब दुसऱ्याची, काम त्याचं. मुदत संपली की आपण बाहेर. मग दुसरी शोधायची. असं करत करत एखाद्या दिवशी कायमची मिळाली तर मिळाली.”

तात्या माझ्याकडे आणि देवाकडे आळीपाळीने बघत होते.

“बदली,” बाबा दारातून म्हणाले.

बाहेरच्या जगात बदली म्हणजे या गावाहून त्या गावाला जाणं. बँकेतल्यांची होते, पोलिसांची होते. गिरणगावात तो शब्द वेगळा आहे. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतात तो बदली. तो रोज भोंग्याच्या आधी गिरणीच्या गेटवर जाऊन उभा राहतो. आत जागा रिकामी असली तर नाव पुकारलं जातं, नसली तर डबा तसाच घेऊन घरी. बाबा तरुणपणी साळखात्यात, म्हणजे मागांवर, बदली होते. त्यांना कायम करायची वेळ येईपर्यंत गिरणीच बंद पडली. पुढे त्यांनी एका छापखान्यात नोकरी केली आणि आम्हाला वाढवलं, पण त्या दिवसांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. त्यांचा तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला.

“बदली?” तात्या म्हणाले. त्यांना शेवटी अर्थ लागला होता आणि तो मुळीच आवडला नव्हता. “नाय नाय. देवाकडे कोण बदली मागनत नाय. मागूचा तर कायम मागूचा. देवाक काय कमी आसा?”

“का नाही मागायची?” बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. “मी मागायचो. रोज सकाळी. आजच्या दिवसापुरती.”

मला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं. त्यात संशोधन करण्यासारखं काही नव्हतं. कायम नोकरी केलेला भाऊ आणि कधीच कायम न झालेला भाऊ एकमेकांकडे न बघता उभे होते. आणि त्या दोघांच्या मधे मी, माझी डॉक्टरेट घेऊन. इतक्या अर्जांत मी मला काय हवं आहे ते किती छान इंग्रजीत लिहिलं होतं. इथे तात्या विचारत होते तर सांगता येईना.

तात्याच शेवटी सावरले. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले. “म्हाराजा! ह्या लेकराच्या मनात जा काय आसा ता तुका ठावक आसा. आमका कळना नाय. तूच काय ता बघ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मीही म्हणाले. निदान कोणाला तरी ते ठाऊक असावं, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मजल्यावर संचारबंदी होती. आईने घरोघर जाऊन सांगितलं होतं. मिक्सर नाही, टीव्ही नाही, पोरांचं क्रिकेट नाही. पंख्याचा आवाज येतो म्हणून मी पंखाही बंद केला. लॅपटॉपमध्ये स्वेटर घातलेली एक बाई आणि एक तरुण माणूस. त्यांनी चांगले प्रश्न विचारले, मी बरी उत्तरं दिली. बोलण्याच्या ओघात मी घाबरायचंही विसरून गेले. इतक्या दिवसांनी कोणी तरी माझ्याशी तिसऱ्यांबद्दल मनापासून बोलत होतं. शेवटी बाईंनी गप्पांच्या सुरात विचारलं, तुमच्याकडे आता कुठला ऋतू आहे? मी म्हटलं, ऑटम. दुसरा शब्द सुचला नाही. तिच्या डोळ्यांपुढे लालपिवळी पानं आली असणार, कारण ती गोड हसली. इकडे माझ्या पाठीवरून घाम पाटाच्या पाण्यासारखा वाहत होता.

उत्तर आलं तेव्हा आई चकल्या पाडत होती. मी मेल उघडली, सवयीने डोळे तिसऱ्या ओळीवर गेले. कौतुक जरा जास्त होतं, पण तो तिथेच होता, आपल्या नेहमीच्या जागी.

“आला?” आईने विचारलं.

“आला.”

तिने गॅस बारीक केला आणि माझ्या हातात गरम चकली ठेवली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती. त्याच संध्याकाळी मी क्लासवाल्यांना फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, छान, भाऊबीज झाली की सुरू करा. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मी थीसिस देवाजवळून उचलून कपाटात वर ठेवली. आईने ते बघितलं.

दोन दिवसांनी मी दादरला कंदील घ्यायला गेले होते. पुलाखालच्या गर्दीत एका हातात कंदिलाचा सांगाडा आणि दुसऱ्या हातात झेंडूची पिशवी, तेवढ्यात फोन वाजला. परळच्या त्या संस्थेतून होता. समोरचा माणूस काय बोलतो ते कळेना, कारण शेजारी एक जण ‘शंभरला दोन, शंभरला दोन’ ओरडत होता. मी भिंतीला चिकटून कान झाकला. आमचा एक पोस्टडॉक अचानक सोडून गेला आहे, तो माणूस म्हणत होता. तुमचं नाव दुसऱ्या नंबरावर होतं. लगेच येऊ शकाल का? वर्षभराचं आहे. पुढचं पुढे बघू. मी हो म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले की कंदीलवाल्याला वाटलं भाव पटला, आणि त्याने दोन कंदील गुंडाळून माझ्या हातात दिले.

क्लासवाल्यांना रस्त्यातूनच फोन करून आता जमणार नाही म्हणून सांगितलं. घरी सांगितलं तेव्हा आईने साखर वाटली. तात्यांनी, देवान आयकला, असं जाहीर केलं आणि श्रेय घेतलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी फक्त एक विचारलं.

“कोणाच्या जागी?”

“एक जण सोडून गेला.”

“हं,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

पहिल्या दिवशी मी निघाले तर बाबा चपला घालून तयार. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो शिवणारा नेमका परळलाच बसतो, असं त्यांचं म्हणणं. लालबागमध्ये दर कोपऱ्यावर चांभार आहे, पण मी वाद घातला नाही. आम्ही चालत गेलो. सकाळचंच ऊन डोक्यावर बसलं होतं. परळ जवळ आलं की फुटपाथवरची माणसं बदलतात. एक्स-रेची मोठी पाकिटं काखेत धरलेले, गावाहून आलेले, रस्ता विचारत फिरणारे नातेवाईक. बाबा त्यातल्या एकाला थांबून हॉस्पिटलचा रस्ता सांगत बसले. मला उशीर होत होता.

गेटवर वॉचमनने माझं नाव विचारलं, हातातले कागद खालीवर केले. “मॅडम, तुमचा पास नाय आला. वरून फोन येऊ दे. तोपर्यंत बाहेर थांबा.”

“पण मला आजच जॉईन व्हायला सांगितलंय.”

“सगळ्यांना आजच सांगतात. थांबा जरा साइडला.”

मी बाजूला उभी राहिले. गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं माझ्या अंगावरून आत जात होती. फोन लावला तर कोणी उचलेना. मला वाटलं बाबा गेले असतील. वळून बघितलं तर ते रस्त्याच्या पलीकडे होते, आणि मी बघते आहे म्हटल्यावर ते रस्ता ओलांडून आले.

“काय म्हणतो?”

“पास नाही म्हणतो. थांबायला सांगितलंय.”

“मग थांब. घेतात,” बाबा म्हणाले. “पहिल्या भोंग्याला घेत नाहीत कोणाला. निघून जायचं नाही. निघून गेला त्याचंच नाव नंतर पुकारतात.”

“बाबा, इथे भोंगा नसतो.”

“हां. तरी पण.”

ते माझ्या शेजारी उभे राहिले. गेटच्या भिंतीची जेमतेम सावली होती, तिच्यात मला उभं केलं आणि स्वतः उन्हात. हात मागे बांधलेले, नजर सरळ गेटकडे. मला वाटत होतं, त्यांनी जावं. नव्या लोकांनी मला बापाबरोबर दारात उभी बघू नये. आणि ते खरंच गेले असते तर मी तिथे उभी राहू शकले नसते, हेही तितकंच खरं होतं. समोरच्या बसस्टॉपवर बस येत होत्या, जात होत्या.

मग आतला फोन वाजला. वॉचमनने तो कानाला लावून मान डोलावली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने पुकारलं, “परब! परब कोण आहे?”

“हाय!” बाबा म्हणाले, आणि झटकन पाऊल पुढे टाकलं.

वॉचमन त्यांच्याकडे बघत राहिला. बाबा थांबले. त्यांनी आधी गेटकडे, मग माझ्याकडे बघितलं. “ही,” ते वॉचमनला म्हणाले, “ही परब.” आणि मला वाट करून देण्यासाठी मागे सरले.